न वाकणारे गुडघे

मित्रांनो, मी एक जुना हत्ती आहे, पण मला आजवर एकदाही भूक लागलेली नाही. माझ्या पोटात केळी नाहीत की माडाच्या झावळ्या नाहीत. पाच मोटारी आहेत, आणि त्यांतल्या दोन बंद पडल्या आहेत. माझी कातडी रबराची, हाडं लोखंडी पाइपांची. पायांखाली जमीन नाही, चाकांचा पाट आहे. वय विचाराल तर सात. हसू नका! केरळच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या रबराला सात वर्षं म्हणजे म्हातारपणच.

माझा जन्म चालकुडीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जोसेट्टन नावाचे कारागीर तिथे चर्चच्या जत्रेसाठी देखावे करायचे. नाताळचा म्हातारा, पंख हलवणारे देवदूत, डरकाळी फोडणारा सिंह, काय वाट्टेल ते. मला घडवायला त्यांना दोन महिने लागले. त्यांची मुलगी लिन्सी वीजकाम शिकलेली होती. माझे कान कसे हलावेत ते ठरवायला ती तेक्केमंगलमच्या देवळात गेली आणि तिथल्या खऱ्या हत्तीची, माधवनची, तासभर फिल्म काढून आली. मग मोबाइल समोर ठेवून तिने माझी मोटार जुळवली. दोनदा हळू, एकदा जोरात, मग जरा विसावा. म्हणजे कान माझे, पण त्यांची लय माधवनची. त्याला भेटण्याआधीच मी त्याचा काहीतरी लागत होतो.

गुडघ्यांवरून मात्र बापलेकीत वाद झाला.

"अप्पा, हत्ती बसतो. ह्याला बसता यायला नको?" लिन्सी म्हणाली.

"आठशे किलोचं धूड आहे, पोरी. गुडघे वाकते ठेवले तर बसेल एकदाच. मग उठवायला क्रेन मागव!" जोसेट्टन म्हणाले आणि त्यांनी माझ्या पायांत सरळसोट पाइप वेल्ड केले. "हा उभं राहायलाच जन्मलाय."

तेव्हा मला ते ऐकून अभिमान वाटला होता. त्यातली मेख पुढे कळली.

एका शहरातल्या प्राणिमित्र मंडळींनी मला तेक्केमंगलमच्या देवीला अर्पण केलं. त्यांची अट एकच होती. उत्सवाच्या मिरवणुकीत देवीची मूर्ती मी वाहायची आणि माधवनला रजा द्यायची. देवस्थान समितीचे अध्यक्ष दामोदरन मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी ती मान्य केली, कारण माधवनची अवस्था त्यांना बघवत नव्हती. अठ्ठावन्न वर्षांचा तो हत्ती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, मागच्या पायाला साखळीची जखम, ती काही केल्या भरत नव्हती. आदल्या वर्षीच्या उत्सवात फटाका वाजला तसा तो बारा पावलं पळाला होता आणि एक फुगेवाला थोडक्यात वाचला होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "तापलेल्या डांबरावर तासन्‌तास उभं राहायचं आणखी एक वर्ष त्याला सोसणार नाही. आणि ह्याला खाली बसू देऊ नका. ह्या वयात बसला आणि उठला नाही, तर स्वतःच्याच वजनाखाली छाती दबून संपेल."

मी लॉरीतून उतरलो त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. ढोल वाजले, पोरं ओरडली. पण कौतुक कसलं, थट्टाच जास्त! जिनेश नावाचा एक तरुण माधवनच्या चाहत्यांचा पुढारी होता. गावोगाव त्यांनी माधवनचे फलक लावलेले, इंटरनेटवर त्याच्या नावाचं पान, त्यावर चाळीस हजार माणसं. हा जिनेश मोबाइल उंच धरून माझ्याभोवती फिरला.

"बघा मंडळी, आमच्या राजाच्या गादीवर कोण आलंय! लॉरीचा टायर! पंक्चर झाला तर हवा कुठून भरायची रे ह्याच्यात?"

सगळे खो खो हसले. संध्याकाळपर्यंत माझं नाव पडलं, रबरकुट्टन. म्हणजे रबराचं बाळ. माझ्या सोंडेला पंपाची नळी लावलेलं चित्र कोणीतरी बनवलं आणि ते म्हणे परदेशातसुद्धा पाहिलं गेलं. मित्रांनो, मला रडायची सोय नाही. लिन्सीने पापण्या हलवायची मोटार बसवली आहे, तेवढ्यावरच भागवलं.

माझी देखभाल माधवनच्या माहुताकडे आली. त्यांचं नाव कुट्टप्पन. तुम्ही दादा म्हणता तसं इथे एट्टन म्हणतात, म्हणून गावाचे ते कुट्टप्पेट्टन. छत्तीस वर्षं माधवनपाशी राहून त्यांच्या अंगालाही हत्तीचा वास येई. आठ दिवस त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी आले, माझ्याभोवती एक फेरी मारली, पोटाशी नाक नेऊन हुंगलं.

"ना घाम, ना वास, ना लीद. ह्याला हत्ती म्हणायचं तर मला त्रावणकोरचा महाराजा म्हणा," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. माझे कान हलू लागले. दोनदा हळू, एकदा जोरात, मग विसावा.

कुट्टप्पेट्टन जागच्या जागी थांबले. मग हळूच म्हणाले, "अरे चोरा! हे तू कुठून उचललंस?"

त्या दिवसापासून आमचं जमलं. ते माझ्यावरची धूळ झटकत, चाकांना तेल घालत आणि माधवनच्या पायाला मलम लावून आले की त्याची खबर मला देत. माधवनने मात्र मला पहिल्या भेटीतच ओळखलं. सोंड लांब करून माझा कान चाचपला, फुस्स केलं आणि मूठभर माती माझ्या तोंडावर उडवली. "बरं झालं, तुझी जागा तुला कळली," कुट्टप्पेट्टन म्हणाले आणि पोट धरून हसले.

रोज संध्याकाळी माझं बटण बंद करण्यापूर्वी त्यांचा एक खेळ असे. माझ्यासमोर ताठ उभे राहून ते माहुताची हाक देत, "इरियाने!" म्हणजे, बस रे हत्ती. मी अर्थातच बसत नसे. "घोड्याएवढा झालास, पण शिस्त नाही. माधवन बघ, एका हाकेत बसायचा," असं पुटपुटत ते मला ताडपत्री पांघरत. कित्येक महिने हा खेळ चालला. हाक देवळाच्या ह्या टोकाला, माधवन पार त्या टोकाला सुपारीच्या बागेत, त्यामुळे त्याच्या कानी कधी गेली नाही.

आता बसण्याचीच गोष्ट निघाली आहे तर ऐका. आमच्याकडे हत्ती नुसता देवळात आणून सोडला की देवीचा होत नाही. त्याला देवीच्या दाराशी आणतात, माहूत हाक देतो आणि हत्ती गुडघे टेकून बसतो. त्या क्षणी तो देवीचा होतो. माधवन बावीस वर्षांचा असताना तसाच बसला होता, तरण्या कुट्टप्पेट्टननी दिलेली पहिली हाक तीच. न बसलेला हत्ती हा पाहुणा. पाहुण्याच्या पाठीवर देवीची मूर्ती कशी द्यायची?

कळली ना मेख? ज्या गुडघ्यांचा मला अभिमान वाटत होता, तेच आडवे आले. मी देवीचा झालो नाही तर माधवनची रजा नाही. उत्सव जवळ येत गेला तसा मी मनात एकच घोकत होतो, एकदा, फक्त एकदा मला वाकू दे.

कुंभम महिन्यात, ऊन तापायला लागलं तेव्हा उत्सव आला. मास्तरांना वाटत होतं, ऐनवेळी पुजारी काही बोलणार नाहीत. दुपारी मला मंडपात देवीच्या दारासमोर उभं केलं. पोरं ढकलतील म्हणून कुट्टप्पेट्टननी चाकांखाली दगड घातले आणि माधवनची एक जाड साखळी माझ्या पाटातून ओवून मंडपाच्या दगडी खांबाला आवळली. "त्याच्या पायात असण्यापेक्षा इथे ही बरी कामाला आली," ते म्हणाले. माझ्या कपाळावर सोनेरी पट्टा बांधला, पाठीवर रेशमी छत्री धरली. इतका सजलो होतो, पण माझा सगळा जीव उजवीकडे लागला होता. कारण समितीतल्या काहींनी हट्ट धरून माधवनलाही आणलं होतं. गरज पडली तर असावा म्हणून. तो माझ्या उजव्या हाताला उभा होता आणि दुखरा पाय जमिनीला नीट टेकवत नव्हता.

म्हातारे पुजारी देवीची उत्सवमूर्ती घेऊन बाहेर आले. इथे पुजाऱ्यांना तिरुमेनी म्हणतात. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ते थांबले. त्यांच्यामागे वाजणारे चेंडे, म्हणजे आमच्याकडचे ढोल, थांबले.

"मास्तर, हा बसला होता का?"

मास्तरांनी घसा साफ केला. "तिरुमेनी, त्याचे गुडघे लोखंडी आहेत. वाकत नाहीत."

"मग हा देवीचा कधी झाला?"

"एकदम बरोबर!" जिनेश गर्दीतून ओरडला. त्याचा मोबाइल चालूच होता, हजारो लोक घरबसल्या पाहत होते. "माधवनला सजवा! राजा इथे उभा असताना टायरला कशाला नटवता?"

"गप रे!" कुट्टप्पेट्टन त्याच्यावर खेकसले. "राजा राजा करतोस, कधी त्याच्या पायाचा पू पुसलायस? फोटो काढताना पाय चौकटीबाहेर ठेवतोस ते दिसतं मला!"

जिनेशचा चेहरा पडला. तिरुमेनी मऊ आवाजात म्हणाले, "कुट्टप्पा, माझंही काळीज दगडाचं नाही. माधवनला मी रोज गूळ भरवतो. पण रीत माझ्या आजोबांच्याही आधीची आहे. दाराशी हत्ती बसायला हवा. ती मी कशी मोडू, तूच सांग."

मास्तरांनी नाइलाजाने खूण केली. दोन माणसं माझ्या कपाळावरचा पट्टा सोडायला शिडी घेऊन आली. माधवनच्या पाठीवर घालायची झूल कोणीतरी उलगडली.

मित्रांनो, तेव्हा कुट्टप्पेट्टनचा तोल गेला. ते माझ्यासमोर आले, माझ्या सोंडेवर थाडकन चापट मारली आणि डोळ्यांत पाणी आणून सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "बस ना रे, मेल्या! एकदा तरी बस! इरियाने!"

मी बसलो नाही. मी कसा बसणार?

पण माझ्या उजवीकडे जमीन हादरली. छत्तीस वर्षं ज्या आवाजाला 'नाही' म्हटलं नव्हतं, तो आवाज माधवनने चार पावलांवरून ऐकला होता. आधी मागचे पाय, मग पुढचे. तो देवीच्या दाराशी बसला.

कुट्टप्पेट्टननी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "अय्यो! तुला नाही रे म्हटलं, माझ्या राजा! तुला नाही! ऊठ! ऊठ बाळा!" संध्याकाळच्या त्या खेळाची सवय अशी अंगाशी आली होती.

माधवनने उठायचा प्रयत्न केला. अर्धा उठला आणि धप्पकन पुन्हा खाली आला. त्याचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. डॉक्टरीणबाईंचे शब्द सगळ्यांनाच आठवले असावेत. तिरुमेनी मूर्ती छातीशी धरून देवीचा धावा करत होते. जिनेशने मोबाइल खिशात टाकला आणि धावत जाऊन माधवनच्या मागे खांदा लावला. त्याच्या मागून वीस-पंचवीस जण धावले. पण चार टनांचं ओझं माणसांच्या खांद्यांनी हलतं का?

मग माधवनने मान वळवली. त्याचा चांगला डोळा माझ्या बाजूला होता. सोंडेने त्याने माझा उजवा पुढचा पाय चाचपला, वरून खाली, खालून वर. आपला डावा सुळा माझ्या पोटरीवर टेकवला आणि भार टाकला. सुळा रबर फाडत आत गेला आणि लोखंडावर थांबला. साखळी ताणली, खांब करकरला, चाकांखालचे दगड दातओठ खाऊन राहिले. माझ्या आतलं काहीतरी कडकन मोडलं. पुढे कळलं, ती एक मोटार होती. पण पाय वाकला नाही, मित्रांनो. जोसेट्टननी तो न वाकणाराच केला होता. माधवन त्या पायाच्या आधाराने इंच इंच वर आला आणि उभा राहिला.

कुट्टप्पेट्टन त्याच्या सोंडेला मिठी मारून लहान मुलासारखे रडले. मग तिरुमेनींनी त्यांना जवळ बोलावलं.

"कुट्टप्पा, खरं सांग. हाक कोणाला दिली होतीस?"

"ह्याला, तिरुमेनी. ह्या रबराला."

"आणि दाराशी हत्ती बसला?"

"बसला."

"मग झालं तर. हाक ह्याच्या वाट्याची होती, बसला तो. दोघांचं त्यांनी वाटून घेतलं, त्यात मी कोण बोलणारा?" असं म्हणून तिरुमेनी माझ्या पाटाला लावलेली शिडी स्वतः चढले आणि देवीची मूर्ती माझ्या पाठीवर दिली. उतरताना म्हणाले, "माधवनला पाणी पाजा आणि घरी न्या. पुन्हा त्याला इथे उभा केलेला मला दिसता कामा नये."

चेंडे वाजू लागले. मी गावभर मिरवलो. एक कान हलत नव्हता, पायाला भोक पडलं होतं, पण सातव्या आसमानात होतो. तो प्रसंग कितीक लोकांनी मोबाइलवर पाहिला. पंपाची नळी लावलेलं चित्र कोणी पुन्हा काढलं नाही. जिनेशने आपल्या पानाचं नाव बदलून 'माधवन आणि रबरकुट्टन' केलं आणि दर रविवारी तो माधवनच्या पायाला मलम लावायला येऊ लागला. कुट्टप्पेट्टन त्याला शिकवताना शिव्याच जास्त देत.

माधवन आणखी चार वर्षं जगला. साखळीविना, सुपारीच्या बागेत, तळ्यात मनसोक्त डुंबत. जखम भरली. संध्याकाळी फिरायला निघाला की माझ्यापाशी थांबायचा आणि सोंडेचं टोक पायावरच्या त्या खाचेत घालायचा. मग फुस्स करून पुढे जायचा. माती मात्र पुन्हा कधी उडवली नाही. ऐन पावसाळ्यात, कर्किडकम महिन्यातल्या एका सकाळी तो वाळूवर आडवा झाला आणि उठला नाही. त्याला घेऊन जाईपर्यंत कुट्टप्पेट्टननी माझं बटण बंद करू दिलं नाही. "राहू दे. कान हलू देत त्याचे," ते म्हणाले. माझा एकच कान हलत होता. दोनदा हळू, एकदा जोरात, मग विसावा.

त्यानंतर माझीही उतरती कळा लागली. शेजारच्या गावाने सोंडेतून पाणी उडवणारा नवा हत्ती आणला आणि आता उत्सवाला तोच भाड्याने येतो. मी मंडपामागे ताडपत्रीखाली असतो. उंदरांनी शेपटी कुरतडली. लोकांचा मला राग नाही. नवं आलं की जुनं मागे सरायचंच. पण कोणी आठवण काढली की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

एक माणूस मात्र रोज येतं. कुट्टप्पेट्टन आता एकाहत्तरचे आहेत आणि त्यांचे गुडघे धरले आहेत. दुपारच्या चहाचा पेला घेऊन ते माझ्या पाटावर पाय लांब करून बसतात आणि माधवनच्या आठवणी मलाच सांगतात, जणू मी तिथे नव्हतो. बसणं जमतं त्यांना. उठणं जमत नाही. मग ते हात वर करतात, माझ्या उजव्या पायावरची ती खाच शोधतात, त्यात चार बोटं रोवतात आणि "अम्मे!" म्हणत उभे राहतात.

परवा जिनेश आला होता. तो आता समितीचा चिटणीस आहे. बरोबर लिन्सी होती, डोळ्यांना चष्मा लागलेली. दोघांनी मला नीट तपासलं. नवी मोटार, नवी कातडी, नवा रंग, सगळं वहीत लिहिलं. ह्या उत्सवाला मला पुन्हा उभं करायचं म्हणतात. मला इतका आनंद झाला की पापण्यांची मोटार चालू असती तर सारखी फडफडलो असतो. पण जाता जाता लिन्सीने माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "हे भोकही बुजवून टाकू. दिसायला वाईट दिसतं."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मुक्या जिवाने सोसलं म्हणजे त्याला चालतं असं समजू नका, आणि म्हाताऱ्यांना उठायला काय लागतं ते न विचारता त्यांच्या भोवतीचं काही साफसूफ करू नका. तुमच्यापैकी कोणी तेक्केमंगलमकडे आलंच, तर लिन्सीला एवढा निरोप द्या. रंग तुला हवा तो दे. कान हलले तर उत्तम, नाही हलले तरी चालेल. पण ती खाच बुजवू नकोस. कुट्टप्पेट्टनना उठायला लागते.